बायकोचा पासपोर्ट पोर्तुगीज, नोकरी स्टुटगार्टला. नवऱ्याने काम करायचं की कार्डाची वाट बघायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याचे, चाकणच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनीअर. पत्नी मडगावच्या. त्यांचे आजोबा १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्या आधारावर पत्नीने लग्नाआधीच पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं. लग्नाला आठ महिने झाले, नोंदणी सासष्टीच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे. आता त्यांना स्टुटगार्टजवळ एका लॉजिस्टिक्स कंपनीत नोकरी लागली आहे आणि महिन्याभरात त्या रुजू होतील. पुण्यातला एजंट सांगतोय, आधी जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात प्राथमिक पातळीची, परीक्षा द्या, मग ‘डिपेंडंट व्हिसा’, तिकडे गेल्यावर वर्क परमिटचा अर्ज, आणि परमिट हातात येईपर्यंत घरी बसा. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंय.

जवळजवळ काहीच नाही. एजंट लबाड असेलच असं नाही, पण त्याने तुम्हाला दुसऱ्याच्या मापाचा सदरा दिला आहे. तो सांगतोय ती वाट जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्यांची, किंवा जर्मनीत नोकरी करणाऱ्या भारतीयाच्या मागे जाणाऱ्यांची. तुमचा कायदाच निराळा आहे. जर्मनीत परदेशी लोकांच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका वकिली कार्यालयात मी सोळा वर्षं आहे, आणि ही गफलत मी दर महिन्याला पाहते. भारतातल्या एजंटाकडे पाहते तशी इथल्या कंपन्यांच्या एचआरमध्येही पाहते, आणि कधीकधी सरकारी खिडकीमागेसुद्धा.

युरोपियन युनियनचा एक नागरिक आपला देश सोडून युनियनमधल्याच दुसऱ्या देशात राहायला गेला, की त्याला आणि त्याच्या कुटुंबाला लागू होतो तो २००४/३८ क्रमांकाचा निर्देश, २९ एप्रिल २००४चा. जर्मनीने त्यासाठी वेगळा ‘मुक्त संचार कायदा’ केलेला आहे. बाकीच्या परदेशी लोकांचा निवास कायदा वेगळा. निर्देशातलं अनुच्छेद २३ जेमतेम एका वाक्याचं आहे. युनियनच्या नागरिकाच्या कुटुंबातल्या ज्या व्यक्तीला त्या देशात राहण्याचा हक्क आहे, तिचं नागरिकत्व कुठलंही असो, तिला तिथे नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो. पगाराची किमान अट नाही, ‘या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही’ हे सिद्ध करायची भानगड नाही, तासांची मर्यादा नाही, एका मालकाशी बांधलेपणही नाही. तुम्ही स्टुटगार्टला इंजिनीअर म्हणून लागा, गोदामात लागा, नाहीतर वडापावची गाडी टाका. गाडीला महापालिकेचे परवाने लागतील, पण ते जर्मन माणसालाही लागतात.

‘कुटुंब’ म्हणजे कोण, हेही तिथेच लिहिलंय. नवरा-बायको; जिथे लग्नाच्या बरोबरीची मानली जाते तिथे नोंदणीकृत जोडीदारी; दोघांपैकी कुणाचीही २१ वर्षांखालची किंवा आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेली मुलं; आणि दोघांपैकी कुणाचेही अवलंबून असलेले आई-वडील. म्हणजे उद्या तुमच्या आईंचा प्रश्न आला तर तोही याच कायद्यात बसू शकतो. तो उद्या पाहू.

एक गंमत सांगते, कारण ती समजली की सगळा कायदाच समजतो. तुमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एखादा जर्मन माणूस राहत असेल आणि त्याची बायको नाशिकची असेल, तर तिला येण्याआधी साधारणपणे ए-वन परीक्षा द्यावी लागते. २००७पासून तसा नियम आहे. तुम्हाला नाही. स्वतःच्या देशात बसलेल्या जर्मन नवऱ्यापेक्षा परदेशातून आलेल्या पोर्तुगीज बायकोचं कुटुंब जास्त सुरक्षित! कारण हा हक्क पासपोर्टच्या रंगातून येत नाही, सीमा ओलांडण्यातून येतो. आपल्याच देशात राहणाऱ्याला त्या देशाचा घरगुती कायदा लागतो, मग तो उदार असो की कडक. पोर्तुगालने २००६च्या आपल्या कायद्यात स्वतःच्या नागरिकांच्या कुटुंबांनाही हेच फायदे दिले आहेत, त्यामुळे तुम्ही दोघं लिस्बनला गेला असतात तरी फार बिघडलं नसतं. जर्मनीने तसं केलेलं नाही.

सीमा ओलांडून परत मायदेशी गेलं तर काय, हा प्रश्नही एका भारतीयामुळेच सुटला. सुरिंदर सिंग यांचं १९८२ साली ब्रॅडफर्डमध्ये एका ब्रिटिश महिलेशी लग्न झालं. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि मग व्यवसाय सुरू करायला ब्रिटनला परतले. ब्रिटनने सिंग यांना घरगुती नियम लावायला सुरुवात केली. लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या न्यायालयाने १९९२ साली सांगितलं की, दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला, परतताना निदान तेवढे हक्क मिळालेच पाहिजेत जेवढे परक्या सदस्य देशात मिळतात. आजही या वाटेला वकील मंडळी ‘सुरिंदर सिंग मार्ग’ म्हणतात. ब्रिटन बाहेर पडलं, नाव राहिलं.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मडगावच्या सासुरवाडीत कुणी ना कुणी स्विंडनला किंवा साउथॉलला असणारच, आणि तो तुम्हाला फोनवर छातीठोक सल्ला देणार. त्याच्या वेळी तो बरोबरही होता. पण ब्रिटनमध्ये हा निर्देश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्या तारखेआधी ज्यांचं नातं होतं आणि ज्यांचा जोडीदार आधीपासून तिथे राहत होता, त्यांच्यासाठी एक दार अजून किलकिलं आहे. नंतर लग्न झालेल्यांना ब्रिटनचे स्वतःचे नियम लागतात, आणि तिथे वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट एप्रिल २०२४मध्ये आली. त्यामुळे मावसभावाचे अनुभव प्रेमाने ऐका, त्यावर तिकीट काढू नका.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येते: कार्ड येईपर्यंत घरी बसायचं का?

जर्मनीत तुम्हाला जे कार्ड मिळेल त्याचं नाव आउफेंथाल्ट्सकार्टे. साधारणपणे पाच वर्षांचं. त्यावर निर्देश २००४/३८, अनुच्छेद १० असा उल्लेख असतो. तो आहे का हे कार्ड हातात घेतल्या घेतल्या तपासा, कारण चुकून दुसऱ्या कायद्याखालचं कार्ड छापून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि ते दुरुस्त करून घ्यायला नवं कार्ड काढण्याहून जास्त वेळ जातो. कायद्याने हे कार्ड अर्जापासून सहा महिन्यांत मिळायला हवं, आणि अर्ज दिल्याचं प्रमाणपत्र ताबडतोब. मोठ्या शहरांतल्या परदेशी नागरिक कार्यालयात भेटीची वेळ मिळायलाच कधीकधी आठवडे लागतात, ही वेगळी गोष्ट.

पण मुद्दा असा की हे कार्ड तुम्हाला हक्क देत नाही. हक्क तुम्ही कुटुंबातले आहात आणि पत्नीसोबत किंवा तिच्यामागे आला आहात, या वस्तुस्थितीतून आधीच निर्माण झालेला असतो. कार्ड फक्त तो दाखवतं. जन्माचा दाखला उशिरा मिळाला म्हणून मूल उशिरा जन्मलं असं आपण म्हणत नाही ना, तसंच. निर्देशाचं अनुच्छेद २५ तर स्पष्ट बजावतं की असे कागद हातात असणं ही हक्क वापरण्याची पूर्वअट कधीही करता येणार नाही. हक्क इतर कुठल्याही पुराव्याने दाखवता येतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पत्नी तिथे पोहोचली आहे, तुम्ही तिच्यासोबत राहताय, तर पहिल्या आठवड्यापासून तुम्ही काम करू शकता. पहिले तीन महिने तर तिच्यावरही नोकरी-उत्पन्नाची कसली अट नसते.

हे सगळं ऐकून तुम्ही खूश व्हाल आणि मग पहिल्याच मुलाखतीनंतर एचआरची बाई विचारेल, “तुमची फिक्तिओन्सबेशायनिगुंग कुठे आहे?”

इथे माझ्या सोळा वर्षांतली निम्मी डोकेदुखी साठली आहे, म्हणून जरा थांबून सांगते. फिक्तिओन्सबेशायनिगुंग म्हणजे ‘परवान्याचा निर्णय व्हायचा आहे, तोवर याचा मुक्काम कायदेशीर धरावा’ असा तात्पुरता कागद. तो निवास कायद्यातला आहे. तुम्ही निवास कायद्यात नाहीच, त्यामुळे तो तुम्हाला मिळायचाच नाही. तुम्हाला मिळतं ते मुक्त संचार कायद्याच्या कलम ५खालचं, आवश्यक माहिती सादर केल्याचं प्रमाणपत्र. साधं एक पान. एचआरच्या यादीत त्या पानाला रकाना नसतो. वर तुमच्या पत्नीकडेही दाखवायला काही नसतं, कारण युनियनच्या नागरिकांना पूर्वी जे मुक्त संचाराचं प्रमाणपत्र मिळायचं ते जर्मनीने २०१३च्या सुरुवातीला बंद केलं. त्यांच्याकडे असणार फक्त पासपोर्ट आणि पत्त्याची नोंद. आणि एचआरची भीती खोटी नाही. परवानगी नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवलं तर कंपनीला मोठा दंड होतो. त्यामुळे शंका आली की ती ‘नाही’ म्हणते. तिच्या जागी मी असते तर कदाचित मीही म्हटलं असतं.

काही वर्षांपूर्वी सांगलीचा एक मुलगा आमच्याकडे आला. बायको स्पॅनिश. नोकरीचा करार तयार होता, सही बाकी, आणि कंपनी अडून बसलेली की कार्ड दाखवा. त्याने कंपनीला अनुच्छेद २३ची लिंक पाठवली होती, चिडून दोनदा. त्याने काम बिघडलंच. कायद्याचा आकडा फेकला की समोरच्याला वाटतं, हा आत्ताच कोर्टाची भाषा बोलतोय, पुढे काय करेल! आम्ही त्याला एक पानी पत्र करून दिलं, जर्मनमध्ये, अगदी थंड भाषेत. मी कोण, बायको कोण, ती कुठल्या देशाची, इथे कधीपासून नोकरीला, आम्ही कुठल्या पत्त्यावर राहतो, आमच्या मुक्कामाला कुठला कायदा लागतो, आणि त्यामुळे कामाच्या वेगळ्या परवानगीची गरज का नाही. शेवटी एकच ओळ: शंका असल्यास परदेशी नागरिक कार्यालयाकडे विचारणा करावी, माझी हरकत नाही. सोबत लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर, बायकोच्या पासपोर्टची प्रत, तिचा नोकरीचा करार, दोघांची पत्तानोंदणी, अर्जाचं प्रमाणपत्र. एचआरला फाइलमध्ये लावायला काहीतरी हवं असतं; ते मिळालं, सही झाली. तेव्हापासून हे पत्र आम्ही प्रत्येकाला पहिल्याच दिवशी करून देतो, नोकरी मिळण्याची वाट न बघता. तुम्हीही मुलाखतीला जाताना बरोबर ठेवा, पण विचारल्याशिवाय काढू नका.

सरकारी कार्यालयच आडमुठेपणा करत असेल, सहा महिने उलटले आणि कार्ड नाही, किंवा भलतेच कागद मागताहेत, तर सॉल्व्हिट नावाची युनियनचीच फुकट तक्रारव्यवस्था २००२पासून चालू आहे. दहा आठवड्यांत तोड काढायचं त्यांचं ध्येय असतं. कोर्टाची पायरी चढण्याआधी मी नेहमी हेच सुचवते. कार्यालयांना दुसऱ्या सरकारी खात्याकडून आलेलं पत्र वकिलाच्या नोटिशीपेक्षा लवकर कळतं.

व्हिसा. तुम्ही भारतीय पासपोर्टवर येणार, तेव्हा प्रवेशासाठी व्हिसा लागतोच. पण तो फुकट, आणि कायद्याच्या शब्दांत ‘लवकरात लवकर’. ए-वन नाही, बँकेतल्या शिलकीची चौकशी नाही, हॉटेलचं बुकिंग नाही. दाखवायचं ते तीनच गोष्टींबद्दल: तुमची ओळख, तुमचं नातं, आणि पत्नी तिथे राहताहेत किंवा तुमच्याबरोबर निघताहेत हे. अर्ज भरताना ‘युनियनच्या नागरिकाचा कुटुंबीय’ हा पर्यायच निवडा. एजंटाने नेहमीच्या फॅमिली रियुनियनच्या खिडकीत टाकलं, तर तुमचा अर्ज ए-वनची वाट बघत पडून राहील. जर्मन मात्र शिका हो. व्हिसासाठी नाही, जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या टेबलावर मुकं बसावं लागू नये म्हणून.

कागदांत तुमचं घोडं कुठे अडेल हे मी आत्ताच सांगू शकते: पत्नीच्या आडनावाच्या स्पेलिंगवर. गोव्यातल्या जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या. शेणवीचं सिनाय, कामतचं कामोतिम, प्रभूचं पोरोब, आणि नाईक असले तरी रोमन लिपीत अक्षरं वेगळीच. आजोबांच्या जन्मनोंदीवरून लिस्बनला नागरिकत्व नोंदवलं गेलं की पोर्तुगीज पासपोर्टवर एक आडनाव येतं, आणि शाळेच्या दाखल्यावर, कधी लग्नाच्या दाखल्यावरही दुसरं. गोव्याच्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. जर्मन कारकुनाच्या मते मात्र त्या दोन वेगवेगळ्या बायका असतात. पासपोर्टवरचं आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच बघा. जुळत नसेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रमाणपत्र गोव्यातूनच काढून आणा. ते जर्मनीत बसून मिळवणं म्हणजे सासऱ्यांना सहा महिने हेलपाटे. महाराष्ट्रातल्या लग्नांत हाच घोळ मधल्या नावाचा होतो. मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव, लग्नानंतरच्या आधारवर नवऱ्याचं. इथल्या लोकांना मधलं नाव म्हणजे दुसरं पाळण्यातलं नाव वाटतं, आणि ते बदललं की त्यांच्या भुवया वर जातात.

दुसरं, अपोस्टील, म्हणजे आपला सरकारी दाखला परदेशात चालावा म्हणून मारला जाणारा शिक्का. भारत २००५मध्ये त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात गेला, पण जर्मनीने भारताबाबत हरकत नोंदवली. त्यामुळे पोर्तुगालला चालणारा अपोस्टीलचा शिक्का जर्मनीत पुरेसा ठरत नाही. शंका आल्यास जर्मन दूतावास आपल्या विश्वासातल्या स्थानिक वकिलाकरवी दाखल्याची पडताळणी करून घेतो, आणि त्यात महिने जातात. गोव्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारचा दाखला मात्र भरवशाचा मानला जातो असा माझा अनुभव आहे. जुनी, सलग ठेवलेली नोंदवही असते ती. जर्मन भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

आणि लग्न ठरवून झालंय, दोन महिन्यांत पत्रिका ते मांडव, त्यामुळे ‘खोटं लग्न’ म्हणतील का, ही भीती तुमच्या प्रश्नात मला ओळींच्या मधे दिसली. ठरवून केलेलं लग्न आणि कागदासाठी केलेलं लग्न यांतला फरक युरोपियन आयोगाच्या मार्गदर्शिकेतही केलेला आहे. चौकशी झालीच तर खरं ते सांगा: कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला, मावशीने स्थळ आणलं. प्रेमकहाणी रचू नका. दोघांच्या रचलेल्या कहाण्या जुळत नाहीत, आणि मी एक प्रकरण नेमकं त्यामुळेच अडकलेलं पाहिलंय.

आता जी गोष्ट कुणी विचारत नाही, पण मी प्रत्येकाला बसवून सांगते. हा हक्क भक्कम आहे, पण तो तुमचा स्वतःचा नाही. वेल मांडवावर चढतो तसा तो पत्नीच्या हक्कावर चढलेला आहे.

म्हणून तिची बाजू काय आहे ते दोघांनीही समजून घ्या. तीन महिन्यांनंतर तिने तिथे नोकरी किंवा व्यवसाय करायला हवा, नाहीतर स्वतःपुरते पैसे आणि आरोग्य विमा असायला हवा, नाहीतर विद्यार्थी म्हणून विमा आणि पैशांची हमी. नोकरी पूर्णवेळ असण्याची गरज नाही. आठवड्याला बारा तास संगीत शिकवणाऱ्या एका जर्मन शिक्षकालाही न्यायालयाने १९८६ साली कामगार मानलं आहे. तिची नोकरी गेली तर? एक वर्षाहून जास्त काम झालेलं असेल, नोकरी तिने स्वतःहून सोडलेली नसेल आणि रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं, तर तिचा दर्जा टिकतो. वर्षाच्या आत गेली तर निदान सहा महिने टिकतो. म्हणून नोकरी गेल्याच्या आठवड्यातच नाव नोंदवायचं, ‘बघू, दुसरी मिळेल’ म्हणत बसायचं नाही. आणि तोवर तुम्ही कमावते असाल तर तुमचा पगारही ‘पुरेसे पैसे’ म्हणून धरला जातो. घर नवऱ्याच्या पगारावर चाललंय आणि नवऱ्याचा हक्क बायकोच्या पासपोर्टवर, हे चित्र न्यायालयाने मान्य केलेलं आहे.

मान्य केलं ते २०१५च्या ज्या निकालात, त्यातच कडू भागही आहे. कुलदीप सिंग हे भारतीय, पत्नी लाटव्हियाची, दोघं आयर्लंडमध्ये. पत्नी आयर्लंड सोडून लाटव्हियाला परत गेली आणि तिथे तिने घटस्फोटाचा अर्ज केला. निर्देश सांगतो की लग्न अर्जापर्यंत तीन वर्षं टिकलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही परदेशी जोडीदाराचा हक्क राहतो. सिंग यांची वर्षं भरत होती. पण न्यायालय म्हणालं की अर्ज दाखल होण्याआधीच पत्नीने देश सोडला, त्या क्षणी त्यांचा हक्क संपला; संपलेला हक्क घटस्फोटाच्या कलमाने जिवंत होत नाही. म्हणजे आधी अर्ज आणि मग निघणं असं झालं असतं तर निकाल वेगळा. दोन तारखांचा खेळ. घरात हिंसाचार असेल तर नियम सैल आहेत, तीन वर्षांची अट सुटते. तशी वेळ आलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, देश सोडण्याआधी कुणाकडे तरी जाऊन बोलावं.

लग्नाला आठ महिने झालेल्या माणसाला हे सांगणं अशुभ वाटतं. माझी आई असती तर तोंडावर हात ठेवला असता. पण कागदांना शुभ-अशुभ कळत नाही, आणि हे आधी माहीत असलेली माणसं मी निवांत झोपलेली पाहिली आहेत.

पाच वर्षं सलग काढलीत की कायमस्वरूपी निवासाचा हक्क मिळतो, तो मात्र तुमचा स्वतःचा. मधे वर्षाला सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर चालतं. ‘पावसाळाभर मडगावला बसून ऑनलाइन काम करीन’ असा बेत असेल तर महिने मोजा.

म्हणूनच एक गोष्ट सुचवते, जी एजंट सांगणार नाही. तुमच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आणि अनुभव आहे. भारतात असतानाच चांगल्या पगाराची जर्मन नोकरी थेट तुम्हालाच मिळाली, तर स्वतःच्या नावावर ब्लू कार्ड, म्हणजे चांगल्या पगाराच्या पदवीधरांसाठीचा निवास-परवाना, घेऊन येण्याचा विचार जरूर करा. त्यावर २७ महिन्यांत, आणि जर्मन बी-वन पातळीचं येत असेल तर २१ महिन्यांत, कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्यात कुणाच्या पासपोर्टचा संबंध नसतो. पण पगाराची अट आहे, नोकरी आधी हवी, आणि तोवर पत्नी एकटी. बहुतेक जोडपी एकत्र निघणं पसंत करतात. मीही तेच केलं असतं.

हक्काला आणखी एक कुंपण आहे: तो फक्त पत्नी जिथे राहते-काम करते त्याच देशात चालतो. स्टुटगार्टहून स्ट्रासबुर्ग फार लांब नाही, पण तिथल्या फ्रेंच कंपनीत या कार्डावर नोकरी धरता येणार नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २००६ साली हे सांगितलं आहे. त्या कार्डावर पत्नीसोबत इतर शेंगेन देशांत व्हिसाशिवाय फिरता येतं, तेवढंच. दोघं मिळून उद्या नेदरलँड्सला हललात तर तिथे नव्याने अर्ज, आणि पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर.

वाचणाऱ्यांत डॉक्टर, दंतवैद्य असतील त्यांच्यासाठी दोन वाक्यं. काम करण्याचा हक्क म्हणजे पदवीला मान्यता नव्हे. १९८६ सालीच एमिर ग्युल या सायप्रसच्या डॉक्टरला, ज्यांची ब्रिटिश पत्नी जर्मनीत केस कापायचं काम करत होती, ‘तू परदेशी आहेस’ एवढ्या कारणावरून वैद्यकी नाकारता येणार नाही असा निकाल लागला. पण पदवी, भाषा, परीक्षा यांच्या अटी त्यांनाही होत्याच आणि तुम्हालाही असतील. तुम्ही मेकॅनिकलवाले आहात, कंपनीत नोकरी करायला कुणाची मान्यता लागत नाही.

शेवटी तुमच्या मित्राचा प्रश्न. तो आणि त्याची डच मैत्रीण लग्न न करता बर्लिनला राहायला जाताहेत. त्याच्यासाठी मामला वेगळा. टिकाऊ नातं असलेल्या जोडीदाराला निर्देश आपोआप हक्क देत नाही, देशाने त्याचा प्रवेश ‘सुकर करावा’ एवढंच म्हणतो. जर्मनीत नोव्हेंबर २०२०पासून अशा जोडीदारांसाठी वेगळं कलम आहे, पण तिथे हक्क कार्यालयाने मंजूर केल्यावर सुरू होतो. तुमच्यासारखं कार्डाआधी काम करणं त्याने करू नये. ते बेकायदेशीर ठरेल. एकत्र राहिल्याचे पुरावे, भाडेकरार, सामाईक खातं, वर्षांमागची तिकिटं, हे सगळं जमवून अर्ज करावा, किंवा लग्न करून टाकावं. लग्न कुठे आणि कधी झालं याने फरक पडत नाही, युरोपात आल्यावर केलं तरी चालतं, हे २००८मध्येच ठरलेलं आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया असतील तर भारतात लग्नाची सोय नाही, पण पोर्तुगाल किंवा डेन्मार्कला केलेलं लग्न २०१८च्या निकालानंतर मुक्कामाच्या हक्कासाठी युनियनभर मानावं लागतं.

तुमचा क्रम असा ठेवा. पत्नीने आधी जाऊन घर घ्यावं आणि दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा. ती नोंद आणि नोकरीचा करार यांच्या प्रती तुम्हाला पाठवाव्यात, त्या जोडून मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात अर्ज. पोहोचल्यावर तुमचीही पत्तानोंदणी, त्याच आठवड्यात कार्डासाठी अर्ज, आणि दुसऱ्या दिवसापासून नोकरीचा शोध. करक्रमांक टपालाने घरी येतो, पगार सुरू व्हायला तो लागतो. तेव्हा टपालपेटीवर पत्नीच्या नावाखाली तुमचंही आडनाव चिकटवा. नाव नसेल तर इथला पोस्टमन पत्र परत नेतो, आणि मग तुमचा करक्रमांक शोधत मला पुन्हा तुमचा मेल येईल.